विश्लेषण : कॉलेजच्या अर्जासोबत गाणे पाठवता येते का?

पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड या पट्ट्यात कुठेही हरिनाम सप्ताह बसला की मृदंगावर किंवा पेटीवर एखादा शाळकरी मुलगा हमखास दिसतो. हल्ली मुलीही दिसतात. रात्री कीर्तनाची साथ, पहाटे काकडा आणि मध्ये शाळा. चौथी-पाचवीपासून हात बसलेला असतो. पण दहावी-बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज समोर आला की त्यात हे सगळे कुठे लिहायचे, हे ना मुलाला ठाऊक असते ना घरच्यांना. अमेरिकेतील विद्यापीठांत अर्जासोबत गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण जोडण्याची रीतसर सोय आहे. आपल्याकडे तशी एकच एक खिडकी नाही. तरीही संगीताचा प्रवेशासाठी उपयोग होतो. तो कुठे होतो, कुठे होत नाही आणि त्यासाठी तयारी कधी सुरू करावी लागते, याचा हा आढावा.

‘म्युझिक सप्लिमेंट’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील बहुतेक मोठी विद्यापीठे ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जावर प्रवेशाची प्रक्रिया चालवतात. त्यात गुण, निबंध, शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरच्या उपक्रमांची यादी असते. या यादीत जास्तीत जास्त दहा नोंदी करता येतात आणि प्रत्येक नोंदीच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. दहा वर्षांचा रियाज १५० अक्षरांत मावत नाही. म्हणून ज्यांची तयारी खरोखर वरच्या दर्जाची आहे, त्यांच्यासाठी कलेची वेगळी पुरवणी जोडण्याची मुभा काही विद्यापीठे देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही त्यातली परिचित नावे. पुरवणी बहुधा ‘स्लाइडरूम’ या संकेतस्थळावरून भरली जाते. त्यात साधारण दहा मिनिटांपर्यंतचे ध्वनिमुद्रण, संगीतशिक्षणाची माहिती देणारे एक पान आणि अनेकदा संगीतशिक्षकाचे पत्र असते.

इथे एक गल्लत नेहमी होते. ज्युलियार्ड किंवा बर्कलीसारख्या संगीताच्याच संस्थेत जायचे असेल तर ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष चाचणी हाच प्रवेशाचा गाभा असतो. पुरवणीचे तसे नाही. ती अभियांत्रिकी, जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकायला निघालेल्या मुलासाठीही असते, आणि ऐच्छिक असते. प्रवेश विभाग ते ध्वनिमुद्रण बहुधा विद्यापीठातील संगीताच्या प्राध्यापकांकडे पाठवतो. त्यांनी दिलेला अभिप्राय अर्जाच्या फायलीत जातो, आणि त्याचे वजन पडलेच तर इतर सगळ्या गोष्टींच्या जोडीने पडते. गुण कमी असतील तर गाण्याने ते भरून निघत नाहीत.

परवडण्याचा प्रश्न?

तो आधीच विचारलेला बरा. या विद्यापीठांचा सगळा मिळून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. मात्र वर सांगितलेली चारही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जसुद्धा घरची ऐपत न पाहता तपासतात, आणि प्रवेश दिल्यास गरजेइतकी मदत देतात. म्हणून शेतकऱ्याच्या घरातील मुलाने हा विचारच करू नये, असे नाही. प्रवेश मिळणाऱ्यांचे प्रमाण अगदी कमी आहे, हेही तितकेच खरे. बहुतेक वाचकांच्या कामाचे आहे ते पुढचे.

महाराष्ट्रात संगीताला जागा कुठे?

दहावीच्या गुणपत्रिकेत. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांत प्रावीण्य मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळ दहावीला वाढीव गुण देते. २०१७ मधील शासन निर्णयांनी या गुणांची सध्याची चौकट घातली. शास्त्रीय संगीतासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या किती परीक्षा उत्तीर्ण केल्या, यावर गुण ठरतात. त्यात तीन परीक्षा आणि पाच परीक्षा असे टप्पे आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परभणी जिल्ह्यासाठी हे मंडळ छत्रपती संभाजीनगरला आहे. गुणांचे आकडे आणि मुदती यांत मधूनमधून बदल होतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावे. मित्राच्या ताईला तीन वर्षांपूर्वी किती गुण मिळाले, यावर हिशेब मांडू नये.

या काही गुणांनी काय होते, असे कोणाला वाटेल. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले. त्यातले ११३ शेजारच्या लातूर विभागाचे होते. कला आणि क्रीडेचे वाढीव गुण धरल्याशिवाय एवढे शंभर टक्के दिसले नसते. त्यातच २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. याआधी पाथरीतला मुलगा गावातल्याच कॉलेजात जाऊन नाव घालत असे. आता परभणी, लातूर किंवा संभाजीनगरच्या नावाजलेल्या कॉलेजची गुणवत्ता यादी आणि त्याचे गुण एकाच यंत्रात जातात. अशा वेळी यादीत पुढे-मागे होणे दोन-चार गुणांवरच ठरते.

आता पाच परीक्षांचे गणित पाहा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण असा आहे. त्यापुढे विशारद आणि अलंकार. वर्षाला एक परीक्षा धरली तर मध्यमा पूर्ण होण्यासाठी पाचवीत प्रारंभिकला बसावे लागते. तेव्हा कुठे नववीअखेर पाचवी परीक्षा होते. नववीत जागे झालेल्या पालकांना पाच सोडाच, तीन परीक्षाही गाठणे अवघड जाते. आमच्या मते या सगळ्या विषयात सर्वांत उपयोगाची माहिती हीच आहे, आणि ती शाळेच्या फलकावर पाचवीच्या वर्गाबाहेर लागायला हवी. ती लागते दहावीच्या वर्गाबाहेर.

परीक्षांची ही शिडी आली कुठून?

कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्यात, उस्तादाच्या मर्जीवर मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली, तिला अभ्यासक्रम आणि पदवी जोडली. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी मंडळ स्थापन केले. त्यामुळे आज तालुक्याच्या गावातल्या मुलाच्या हातात असा कागद येऊ शकतो, की जो दिल्लीतही वाचता येतो. परीक्षांमुळे गाणे पाठांतराचे झाले, ही तक्रार जुनी आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण प्रवेशाच्या खिडकीवर कागदच मागतात.

बारावीनंतर काय?

अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण यांच्या राज्यातील प्रवेशात संगीताला जागा नाही. तिथे सीईटी आणि नीटचेच गुण चालतात. संगीतच शिकायचे असेल तर वाट वेगळी. पाथरी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. राज्याबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, जिथल्या संगीतशिक्षणाची परंपरा १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या गायनशाळेपासून सुरू होते. छत्तीसगडमध्ये खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. अशा ठिकाणी प्रत्यक्ष गाऊन-वाजवून दाखवावे लागते, आणि तिथे दहा वर्षे सप्ताहात बसलेला हात कामाला येतो.

पण ज्याला इतिहास, वाणिज्य किंवा भौतिकशास्त्र शिकायचे आहे आणि गाणेही सोबत न्यायचे आहे, त्याच्यासाठी देशात दोन दारे विशेष पाहण्यासारखी आहेत.

पहिले दार दिल्ली विद्यापीठाचे. तिथे क्रीडा आणि अभ्यासेतर उपक्रम मिळून पाच टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा असतात. भारतीय संगीताचे गायन आणि वादन हे त्यातले प्रकार आहेत. सीयूईटी देणे बंधनकारक आहे. मात्र या जागांच्या गुणवत्ता यादीत सीयूईटीचे वजन एक चतुर्थांश आणि चाचणी व प्रमाणपत्रांचे तीन चतुर्थांश, अशी अलीकडची पद्धत आहे. अमेरिकी पुरवणीपेक्षा हे जास्त थेट आहे. इथे गाण्यावर खरोखर जागा मिळते.

दुसरे दार नवे आहे, आणि आश्चर्य वाटेल, पण ते आयआयटीचे आहे. आयआयटी मद्रासने २०२५-२६ पासून ललित कला आणि संस्कृती यांत प्रावीण्य असलेल्यांसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा ठेवल्या आहेत. त्यातली एक मुलींसाठी आहे. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असणे ही पहिली अट. त्यानंतर ठरावीक राष्ट्रीय पुरस्कार, शिष्यवृत्त्या, आकाशवाणी-दूरदर्शनची श्रेणी यांच्या आधारे कलेचे गुणांकन होते आणि त्यावर यादी लागते. म्हणजे घरचा व्हिडिओ तिथे चालत नाही. प्रमाणपत्र लागते, तेही मोठ्या ठिकाणचे.

कीर्तनाच्या साथीला प्रमाणपत्र कोण देणार?

खरी अडचण हीच आहे. मराठवाड्यात संगीत शिकवणाऱ्या सर्वांत मोठ्या शाळेला इमारत नाही. वारकरी फड, भजनी मंडळे, गोंधळ्यांची घरे यांतून ती चालते. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ महाराष्ट्रभर नेला, तो घरातून आलेल्या विद्येच्या बळावर. अशा घरातील मुलाकडे ‘मध्यमा पूर्ण’ नसते. पण त्याने पाचशे रात्री वाजवलेले असते, आणि चाल ऐकताच ठेका कुठे उचलायचा हे त्याला कळते.

यासाठी काही वाटा आहेत, पण त्यांची माहिती गावापर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १९८२ पासून चालू आहे. वय १० ते १४. वर्षाला ६५० शिष्यवृत्त्या असून त्यातील १२५ परंपरेने कला सादर करणाऱ्या घरातील मुलांसाठी राखीव आहेत. रक्कम मोठी नाही. वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूंच्या शिकवणीच्या फीची मर्यादित भरपाई. पण ही शिष्यवृत्ती आयआयटी मद्रासच्या वरच्या यादीत धरली जाते. दहाव्या वर्षी भरलेला एक अर्ज अठराव्या वर्षी असा उपयोगी पडतो. चौदावे वर्ष उलटले की मात्र हे दार बंद होते.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘कला उत्सव’ आहे. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१५ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा शाळांमार्फत जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी जाते. त्यात लोकसंगीतालाही स्थान आहे. शाळेने नाव पाठवले तरच मूल पुढे जाते, हे लक्षात ठेवावे. शिवाय परभणीला आकाशवाणीचे केंद्र आहे. आकाशवाणीची स्वरचाचणी उत्तीर्ण होऊन मिळालेली श्रेणी देशभर ओळखली जाते. दहावीच्या वाढीव गुणांतही लोककलेची वेगळी तरतूद आहे. तिथे परीक्षा नव्हे तर शासनाने निवडलेल्या संस्थांमार्फत केलेले प्रयोग मोजले जातात. सप्ताहात वाजवले, असे सांगून ते गुण मिळत नाहीत.

ध्वनिमुद्रण घरच्या घरी होईल का?

होईल. स्टुडिओची गरज नाही, चांगला फोन पुरतो. पण कीर्तनाच्या गर्दीत कोणीतरी काढलेली क्लिप पाठवू नये. तीत लाऊडस्पीकरचा कर्कश आवाज आणि चाळीस टाळ असतात, तुमचा हात ऐकू येत नाही. परीक्षकाला तुमचाच हात ऐकायचा असतो.

जागा निवडताना देऊळ आणि पत्र्याची खोली टाळा. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो आणि तान पुसट होते. पत्रा कडकतो. सामानाने भरलेली, गाद्या-गोधड्या असलेली खोली चांगली, कारण कापड आवाज शोषून घेते. वेळ पहाटेची धरा. तेव्हा रस्ता शांत असतो, पंखा बंद ठेवता येतो आणि वीज जाण्याचा धोकाही कमी. ज्या फोनवर चित्रीकरण चालू आहे त्याच फोनवर तानपुऱ्याचे ॲप लावू नका, त्यासाठी दुसरा फोन घ्या. चित्रीकरणाचा फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. आठव्या मिनिटाला मामाचा फोन आला की सगळे पुन्हा करावे लागते. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवर. गाणाऱ्याचा चेहरा दिसावा, वाजवणाऱ्याचे दोन्ही हात दिसावेत. पेटी गळ्यापेक्षा मोठी होऊ देऊ नका. आपल्याकडच्या घरगुती चित्रणात ही चूक हटकून असते.

मध्ये कापाकापी, कृत्रिम घुमारा किंवा सूर सुधारणारे ॲप नको. एक रचना एका दमात. चूक झाली तर ती रचना पुन्हा सुरुवातीपासून.

निवडीचा भाग जास्त अवघड आहे. दहा मिनिटांत विलंबित ख्याल मांडता येत नाही, आणि मांडायला गेल्यास आलापातच वेळ संपतो. परीक्षक कदाचित पहिली दोन-तीन मिनिटेच नीट ऐकेल, हे धरून चालावे. त्यामुळे गाणाऱ्याने दीड मिनिटाचा नेमका आलाप, मग मध्य लयीतली बंदिश, थोडी बढत आणि शेवटी ताना, असा पाच-सहा मिनिटांचा एक राग घ्यावा. दुसरी रचना वेगळ्या स्वभावाची हवी. अभंग, नाट्यपद किंवा तराणा चालेल. दुसरा ख्याल नको. तबलावादकाने नगम्यावर पेशकार, एक कायदा त्याच्या पलट्यांसह, रेला आणि चक्रदार असे नेटके एकल वादन करावे आणि दुसऱ्या भागात साथ दाखवावी. पखवाजवाल्या मुलांनी चौतालातले एकल वादन आणि त्यानंतर अभंगाची साथ असे दोन्ही जरूर द्यावे. साथीत समोरच्याला ऐकण्याची समज दिसते, आणि ती एकल वादनात तेवढी दिसत नाही. वाजवण्याआधी धुमाला कणीक ताजी लावा. वाळलेल्या कणकेचा आवाज फोनलासुद्धा कळतो.

परदेशी परीक्षकाला हिंदुस्थानी संगीत माहीत असेलच असे नाही. सोबत चार ओळी द्याव्यात. उदाहरणार्थ : राग भूप, पाच स्वरांचा, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. ताल तीनताल, सोळा मात्रा. सुरुवातीला आलाप, दीड मिनिटाने बंदिश, चौथ्या मिनिटापासून ताना. यातला कोणता भाग पाठ केलेला आणि कोणता तिथल्या तिथे सुचलेला, हे आवर्जून लिहावे. पाश्चात्त्य अभिजात संगीत मुख्यतः लिहिलेले वाजवते. आपला विद्यार्थी सोळाव्या वर्षी जागेवर रचतो, ही गोष्ट त्यांच्या कानाला वेगळी वाटते. आपण मात्र ती सांगायचीच राहून जातो.

गुरुजींना इंग्रजी येत नाही. पत्राचे काय?

पत्र मराठीत लिहावे आणि इंग्रजी अनुवाद जोडावा. अनुवाद कोणी केला तेही नमूद करावे. इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्याच शिक्षकाकडून गोड पत्र लिहून घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. ‘हा होतकरू, आज्ञाधारक व नम्र विद्यार्थी आहे’ या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. मूल किती वर्षांपासून येते, आठवड्यात किती दिवस येते, सध्या कोणत्या रागावर किंवा तालावर काम चालू आहे, कुठे अडले होते आणि कसे सुटले, कोणाच्या साथीला एकटे बसवण्याइतका विश्वास आहे, एवढे लिहिले तर पत्र बोलते. सप्ताहांची नोंदही माहितीच्या पानावर हवी : वर्ष, गाव, किती दिवस, कोणते वाद्य. कीर्तनकारांकडून किंवा गावच्या सप्ताह समितीकडून दरवर्षी लेटरहेडवर दोन ओळी घेऊन ठेवल्या तर सहा वर्षांत चांगली फाइल होते.

पुरवणी कधी पाठवू नये?

शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळाले, एवढ्यावर पाठवू नये. परीक्षक रोज उत्तम वाजवणाऱ्यांना ऐकत असतात. साधारण ध्वनिमुद्रणाने अर्जाला बळ येत नाही, उलट हा मुलगा स्वतःला कसा तोलतो याविषयी शंका येते. गुरूंना स्पष्ट विचारावे, आणि ते ‘अजून एक वर्ष’ म्हणाले तर ऐकावे. अशा वेळी उपक्रमांच्या यादीत प्रामाणिक नोंद पुरते. निबंधासाठीही ६५० शब्द असतात. सप्ताहातली एक रात्र त्यात नीट सांगता येते.

ब्रिटनमध्ये वेगळे आहे?

हो. तिथे युकास या प्रवेशयंत्रणेत ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या वरच्या ग्रेडना गुणांक मिळतात. आठव्या ग्रेडच्या प्रात्यक्षिकात डिस्टिंक्शन असेल तर ३०, मेरिटला २४, नुसते उत्तीर्ण असल्यास १८. मात्र अनेक नामांकित विद्यापीठे गुणांकांवर नव्हे, विषयांच्या श्रेणींवर प्रवेश देतात. आपल्या विशारदला या कोष्टकात जागा नाही.

तारखा कशा सांभाळायच्या?

अमेरिकेसाठी लवकरच्या फेरीची अंतिम तारीख बहुधा १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीचा पहिला आठवडा. पुरवणीची मुदत अर्जाबरोबर किंवा नंतर लगेच असते आणि प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. म्हणजे बारावीच्या दिवाळीपूर्वी ध्वनिमुद्रण तयार हवे. श्रावणात सप्ताहांची गर्दी असते, गळा आणि हात दोन्ही तापलेले असतात. ते झाले की आठ दिवसांच्या आत मुद्रण उरकावे.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी गणित उलटे मांडावे लागते. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. निकाल लागून प्रमाणपत्र हाती यायला वेळ जातो, आणि शाळेचा प्रस्ताव दहावीच्या लेखी परीक्षेआधीच मंडळाकडे जायचा असतो. त्यामुळे शेवटची परीक्षा नववीच्या उन्हाळ्यात आटोपलेली बरी. प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते का, हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच पाहावे. क्लासमध्ये ‘बाळू’ म्हणून नाव लागते, शाळेत ‘बालाजी’ असते, आणि दुरुस्तीच्या अर्जात दोन महिने जातात.